सप्टेंबरपासून एडिंबरा, सुईवर अर्धा स्वेटर: काय न्यावं, कधी विणावं?

ओवी_नाशिक

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुंबईहून एडिंबराला निघायचंय, एक वर्षाच्या एमएस्सीसाठी. सुईवर एक स्वेटर अर्धवट आहे. डीके (म्हणजे मध्यम) जाडीची ॲक्रिलिक लोकर, बॉर्डर १० नंबरच्या सुईवर, पुढे ८ नंबरवर साधी सुलट वीण. घेर ४० इंच. पाठ पूर्ण झाली आहे, पुढचा भाग मुंढ्यापर्यंत आलाय, दोन्ही बाह्या आणि गळा बाकी. लोकर अंदाजे २५० ग्रॅम उरली आहे. शिवाय मोजे शिकायचे आहेत, त्यासाठी सॉक यार्नचा १०० ग्रॅमचा गुंडा आणून ठेवलाय.

स्वेटर जाण्याआधी उरकावा, सोबत न्यावा की घरीच ठेवावा? नेला तर सुया केबिन बॅगेत चालतात का? आणि तिकडे लेक्चर, असाइनमेंट, जमलं तर पार्ट-टाइम काम आणि मधल्या सुट्टीत थोडं युरोप फिरणं, या सगळ्यात विणकाम कसं बसवतात? हात थांबवायचा नाहीये, पण प्रबंधही रखडायला नको.

लोकरमाया

आधी टाके मोज, मग ठरव. "वेळ मिळेल तसं विणीन" म्हटलं की स्वेटर वर्षभर पिशवीत पडून राहतो.

डीके लोकर तुझ्या ८ नंबरवर, म्हणजे ४ मिमीवर, १० सेंमीत साधारण २२ टाके आणि २८ ओळी देते. बाही मनगटाशी ५० टाक्यांवर सुरू केली, १८ ओळींची बॉर्डर घातली आणि पुढे दर सहाव्या ओळीला दोन्ही कडांना एक-एक टाका वाढवत ८६ वर नेली, तर १२६ ओळी होतात. म्हणजे ४५ सेंमी. एवढ्यात ८ हजारांवर टाके गेले. वरची मुंढ्याची गोलाई धरली की एका बाहीचे १० हजार. दोन बाह्या २० हजार, पुढच्या भागाचा राहिलेला तुकडा ५ हजार, गळपट्टी हजारभर. एकूण २६ हजार टाके. मध्यम वेगाचा हात ओळ पलटण्यासकट मिनिटाला २० टाके काढतो, म्हणजे जवळपास २२ तास झाले. शिवण, टोकं लपवणं आणि गळ्याचे टाके उचलणं याला ४-५ तास वेगळे धर. हे तास हिशेबात धरायचं बहुतेक जण विसरतात, आणि म्हणूनच "सगळं झालंय, फक्त जोडायचं राहिलंय" असे स्वेटर घरोघरी असतात.

हे २६-२७ तास निघण्याआधीच्या एका महिन्यात बसवायचे तर रोज जवळपास तासभर बसावं लागेल. व्हिसा, खरेदी आणि निरोपाची जेवणं चालू असताना ते होणार नाही, आणि घाईत विणलेला गळा नंतर उसवावाच लागतो. म्हणून पुढचा भाग तेवढा इथे संपव. गळ्याची घट आणि खांद्याची उतरण पाठीला लावून, ओळी मोजत करावी लागते. ते डोक्याचं काम आहे, निवांत बसून करायचं. खांदे इथेच जोडून टाक. बाह्या तिकडे ने. बाही सुटी असते, लहान असते आणि एकदा वाढवायची लय बसली की तिच्याकडे बघावंही लागत नाही. फक्त मुंढ्यावरून टाके उचलून बाही खाली विणत जायचा मोह टाळ, कारण मग प्रत्येक ओळीला अख्खा स्वेटर मांडीवर फिरवावा लागतो आणि तो बसमध्ये किंवा कॅन्टीनमध्ये काढता येत नाही.

आता वेळेचं. सुईवर दोनच कामं ठेव, तिसरं नको. एक हाताचं, म्हणजे बोलता-ऐकता होणारं साधं सुलट. दुसरं डोक्याचं, म्हणजे नमुना, टाच, गळा असलं काही, जे फक्त सुट्टीच्या दिवशी बाहेर येईल. दमलेल्या रात्री डोक्याचं काम हातात घेतलं की चूक होते, दुसऱ्या दिवशी उसवण्यात तास जातो आणि नेमका तोच तास अभ्यासाचा असतो.

सत्र चालू असताना आठवड्याला ३ तास धर, त्याहून जास्त नको. बाह्यांचे १७ तास म्हणजे सहा आठवडे. सप्टेंबरच्या मध्याला तास सुरू होतात, तर ऑक्टोबर संपता संपता बाह्या उतरतील आणि नोव्हेंबरची असाइनमेंटची गर्दी येण्याआधी स्वेटर अंगावर येईल. नोव्हेंबर-डिसेंबर आणि मार्च-एप्रिल या दोन गर्दीच्या काळांत नवीन काही सुरू करू नकोस. टाके घालणं, बॉर्डर, पहिली वाढ-घट हे सगळं त्याआधीच्या शनिवारी करून ठेव, म्हणजे गर्दीत हातात घेतलं तरी फक्त पुढे विणायचं राहतं. पंधरा मिनिटांच्या मोकळ्या वेळातली दहा मिनिटं "मी कुठे होते" हे शोधण्यात गेली तर त्या विणकामाने आराम मिळत नाही.

सुलट_उलट

ताईंचा हिशेब बरोबर आहे. बांधणी आणि विमानाबद्दल सांगतो.

सुईवर टाके ठेवून बॅग भरू नका. दोन कारणं. एक, दाबाने सुई निसटली की पन्नास टाके एकदम सुटतात. दुसरं, आठवडे-दोन आठवडे सुईवर ताणून राहिलेली ओळ इतर ओळींपेक्षा मोठी होते आणि साध्या सुलट विणीत आडवी रेघ दिसते. काम थांबवताना ओळ पुरी करा, ओळीच्या मध्यात कधीही नाही. बोथट, मोठ्या नाकाच्या सुईत वेगळ्या रंगाचा गुळगुळीत सुती दोरा ओवा (लोकर नको, तिचे तंतू अडकतात), सगळे टाके त्यावर उतरवा आणि दोऱ्याची दोन टोकं सैल गाठीने बांधा. दोरा विणकामाच्या रुंदीच्या दीडपट तरी ठेवा, नाहीतर कडा गोळा होतात.

मग एक चिठ्ठी लिहून कामालाच पिनेने लावा: सुईचा नंबर मिमीमध्ये, टाके किती, बॉर्डरनंतर कितवी ओळ झाली, पुढची ओळ सुलट बाजूची की उलट, शेवटची वाढ कुठल्या ओळीत केली. फोनमध्ये फोटो असला तरी चिठ्ठी हवीच, फोटोवरून ओळी मोजताना गडद रंगात काही दिसत नाही. पुन्हा सुरू करताना टाके आधी एक-दोन नंबर बारीक सुईवर उचला, ते सहज येतात. मग मूळ सुईने विणा. झोपलेली शेवटची ओळ उसवून पुन्हा विणलीत तर रेघ राहत नाही.

लोकर दाबून पिशवीत भरली तरी काही बिघडत नाही, बाहेर काढल्यावर फुगते. लेबल मात्र फेकू नका, त्यावर रंगाच्या लॉटचा, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा, नंबर असतो. २५० ग्रॅम तुम्हाला काठोकाठ पुरेल. तीच लोकर तिकडे मिळणार नाही, त्यामुळे त्याच लॉटचा ५० ग्रॅमचा एक गुंडा इथूनच जादा घ्या. लॉटचा नंबर बदलला की दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सारखा दिसणारा रंग उन्हात बाहीवर वेगळा उठून दिसतो.

सुयांबद्दल: ब्रिटनच्या सरकारी यादीप्रमाणे विणकामाच्या सुया केबिन आणि चेक-इन दोन्हीत चालतात. कात्रीचं पातं ६ सेंमीपेक्षा लांब नको. अमेरिकेतही सुया चालतात, पण आत पातं लपवलेलं धागा कापायचं गोल लॉकेट केबिनमध्ये चालत नाही. मात्र प्रत्येक ठिकाणी शेवटचा शब्द स्कॅनरपाशी उभ्या असलेल्या माणसाचा. आखातातून विमान बदलणार असाल तर तिथे पुन्हा तपासणी होते. म्हणून चांगल्या स्टीलच्या लांब सुया, कात्री आणि स्वेटरचे झालेले भाग चेक-इनमध्ये टाका. केबिनमध्ये बांबूची किंवा प्लॅस्टिकची एकच गोल सुई (तारेने जोडलेली दोन टोकं असलेली), ५० ग्रॅम लोकर आणि एक बोथट सुई घ्या. ती सुई कोणी काढून घेतलीच तर टाके वाचावेत म्हणून रांगेत उभं राहण्याआधी विणकामातून वर सांगितलेला दोरा ओवून ठेवा. सुट्या टोकांच्या गोल सुयांमध्ये तार जिथे अडकते तिथे बारीक भोक असतं. त्यात दोरा अडकवून एक ओळ विणली की तो आपोआप सगळ्या टाक्यांतून जातो.

विमानात पाच सुट्या सुयांवर मोजे घेऊन बसू नका. एक सीटखाली घरंगळली की उतरेपर्यंत मिळत नाही. ८० सेंमीची एकच गोल सुई घ्या, टाके दोन भागांत वाटा आणि मधली तार बाहेर ओढून विणा. रंग फिकट निवडा. केबिनचे दिवे मंद केल्यावर काळ्या-निळ्या लोकरीत सुटलेला टाका दिसत नाही.

थंडी_ग्लासगो

इथल्या हवेचं थोडं, कारण त्यावर काय विणायचं ते ठरतं.

एडिंबरात थंडीपेक्षा वारा आणि भुरभुर पाऊस जास्त छळतात. डीकेच्या साध्या विणीतून वारा आरपार जातो, त्यामुळे बाहेर जाकीट लागतंच. आत हीटर असतो, तिथे जाड स्वेटर काढावा लागतो. सर्वात जास्त वापर होतो टोपी, गळ्याभोवतीची पट्टी, बोटं उघडी राहणारे हातमोजे आणि मोजे यांचा. योगायोगाने विद्यार्थ्याच्या वेळात बसणारीही हीच कामं आहेत. डीकेची टोपी साडेपाच हजार टाक्यांची, पाच तासांच्या आत होते. स्वेटरची घाई करायची काहीच गरज नाही.

या छोट्या वस्तू शक्यतो खऱ्या लोकरीच्या करा. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा ओलावा अंगाला ओल न जाणवता शोषते. ॲक्रिलिकला ते जमत नाही, भुरभुर पावसात ते गार पडतं. डिसेंबरात सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि पावणेचारच्या आत मावळतो, म्हणजे दिवसाचा उजेड जेमतेम सात तास, आणि त्या वेळी तुम्ही वर्गात. गडद रंगाचं काम दिवाळीच्या आसपास संपेल असं बघा, हिवाळ्यात फिकट रंग सुईवर ठेवा. क्लिपवाला छोटा एलईडी दिवा उपयोगी पडतो.

विणलेल्या कपड्यांची सगळ्यात मोठी नासाडी होस्टेलच्या लॉण्ड्रीत होते. तिथे वॉशिंग मशीनशेजारीच गरम हवेचं ड्रायर असतं आणि सगळे सगळं त्यात टाकतात. साधी लोकर त्यात आकसून नमदा होते, ती पुन्हा सैल होत नाही. ॲक्रिलिक आकसत नाही, पण उष्णतेने मरतं: बॉर्डरचा ताण कायमचा जातो आणि स्वेटर लोंबतो. इस्त्रीनेही तेच होतं. लेबलवर सुपरवॉश लिहिलेलं सॉक यार्न मशीनमध्ये लोकरीच्या सायकलवर चालतं, ड्रायरमध्ये नाही. बाकी सगळं बेसिनमध्ये कोमट पाण्यात, न चोळता. मग टॉवेलवर पसरा, टॉवेल गुंडाळा, त्यावर उभं राहून पाणी काढा आणि आडवंच वाळवा. रेडिएटरवर टाकू नका, कडक होतं. आणि बंद खोलीत रोज ओले कपडे वाळवले की भिंतीला बुरशी येते, तेव्हा खिडकी थोडी उघडी ठेवा.

पैशांचा एक मुद्दा, कारण तो दरवर्षी कोणीतरी विचारतं: "विणलेल्या टोप्या ऑनलाइन विकल्या तर?" विकू नका. ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसावर पदवी किंवा पुढच्या अभ्यासक्रमाला सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत नोकरी चालते, पण स्वतःचा धंदा अजिबात चालत नाही. ऑनलाइन दुकान हा धंदाच झाला. एक वर्षाच्या मास्टर्सला उन्हाळ्यातला प्रबंधाचा काळसुद्धा सत्रातच धरतात. भेट म्हणून कितीही विणा.

सुयांच्या नंबरांचं लक्षात ठेवा. आपल्याकडचे नंबर हे जुने ब्रिटिश नंबर आहेत: ८ म्हणजे ४ मिमी, १० म्हणजे ३.२५, १२ म्हणजे २.७५. नंबर वाढला की सुई बारीक. इथल्या चॅरिटी दुकानांत जुन्या सुया आणि विणकामाच्या जुन्या पुस्तिका स्वस्तात मिळतात, त्यांत हेच नंबर असतात. अमेरिकन नमुन्यात उलट आहे, नंबर वाढला की सुई जाड होते, आणि त्यांची ८ नंबर ५ मिमीची. इंटरनेटवरचा अमेरिकन नमुना आपल्या ८ वर विणलात तर स्वेटर एक-दोन मापं लहान होतो. कायम मिमी बघा.

आणि जमलं तर स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवर जा. ॲबरडीनहून रात्रीच्या बोटीने सकाळी तिथल्या मुख्य गावी, लर्विकला, उतरता येतं. २०१० पासून तिथे दरवर्षी सप्टेंबरच्या शेवटाला शेटलंड वूल वीक हा लोकर-विणकामाचा उत्सव भरतो, पण तेव्हा तुमचे तास नुकतेच सुरू झालेले असतील. वीकच्या बाहेरही लर्विकमधलं जेमिसन अँड स्मिथचं दुकान चालू असतं. मेंढपाळांकडून लोकर घेऊन तिथेच तिची प्रतवारी होते, आणि रंगांची जी रांग तिथे आहे ती बघून दोन रंगांची वीण शिकावीशी वाटतेच.

ओवी_नाशिक

सगळ्यांचे आभार, बाह्या न्यायचं नक्की केलं. अजून दोन शंका. मोज्याची टाच वळवायला डोकं लागतं असं सगळीकडे वाचलं, मग मोजे "हाताचं काम" कसे? आणि लेक्चरमध्ये विणलं तर चालतं का?

लोकरमाया

टाच नंतर घालायची. मोजा सरळ नळीसारखा विणत जायचा, टाचेची जागा दोऱ्याने राखून ठेवायची.

सॉक यार्न २.५ मिमीवर, म्हणजे आपल्या १२ आणि १३ नंबरच्या मधल्या सुईवर, १० सेंमीत ३० टाके धर. पायाचा घेर २२ सेंमी असेल तर ६६ टाके होतात. मोजा पायापेक्षा दहा टक्के लहान हवा, नाहीतर बुटात गोळा होतो. म्हणून ६० घाल, पाऊल रुंद असेल तर ६४. मी ६४ धरून सांगते. बॉर्डर २ सुलट २ उलट, पुढे साधं सुलट, पोटरीची लांबी १६-१८ सेंमी. आता टाचेच्या जागी अर्धे, म्हणजे ३२ टाके वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने विण. ते ३२ टाके परत डाव्या सुईवर सरकव आणि मूळ लोकरीने पुन्हा विण. झालं, पुढे गोल गोल विणत राहा. इथे डोकं लागलं ते फक्त दोन मिनिटं.

पाऊल किती विणायचं ते आधी काढून ठेव. नंतर घातलेली टाच सुमारे ५ सेंमी जागा घेते, बोटांकडची घटही सुमारे ५ सेंमी. पाऊल २४ सेंमी असेल तर रंगीत दोऱ्यापासून घट सुरू होईपर्यंत १४ सेंमी विणायचं. नवशिके इथे टाचेची जागा धरायला विसरतात आणि मोजा ५ सेंमी लांब होतो. बोटांची घट: दोन्ही कडांना दोन-दोन मिळून एका फेरीत ४ टाके कमी, एक फेरी आड. २४ उरले की १२-१२ समोरासमोर ठेवून टाक्याला टाका शिवून बंद कर.

सुट्टीच्या दिवशी उजेडात बसून टाच. रंगीत दोऱ्याच्या वरचे ३२ टाके एका सुईवर, खालचे दुसऱ्या सुईवर आधी उचल, मगच दोरा एक-एक टाका करत काढ. दोरा आधी ओढलास तर टाके पळतात. एका बाजूला ३१ च भरतात, राहिलेला कडेला उचलायचा. शिवाय दोन्ही कोपऱ्यांत एक-एक जादा टाका पिळून घे आणि पुढच्या फेरीत शेजारच्याबरोबर जोडून टाक. हे केलं नाही तर घोट्याजवळ दोन्हीकडे भोकं पडतात, ती धुण्यागणिक मोठी होतात. मग बोटांसारखीच घट करून २४ वर बंद.

या टाचेचा एक दोष आहे: पावलाचा वरचा भाग उंच असेल तर तिथे ताण येतो. तसं असेल तर ३२ ऐवजी ३६ टाके राखून ठेव. गुणही आहे. टाच विरली की ती तेवढीच उसवून नवी घालता येते. म्हणून १०० ग्रॅममधून टाचांसाठीची १५-१६ ग्रॅम लोकर आधीच काढून बाजूला ठेव.

जोडीला साधारण २२ हजार टाके, १८ तास. ६०-७० ग्रॅमचं ओझं, कोटाच्या खिशात मावतं. युरोपात चार दिवस छोट्या बॅगेने फिरायचं असेल तर मोजा ने आणि बाही खोलीवर ठेव.

शाई_आणि_सुई

लेक्चरबद्दल माझं मत जरा कडक आहे. नोट्स घ्याव्या लागतात अशा तासाला विणू नका. हात गुंतला की लिहिणं थांबतं, आणि "ऐकलं होतं" एवढ्यावर परीक्षा निघत नाही. मोठ्या व्याख्यानात, जिथे स्लाइड आणि रेकॉर्डिंग नंतर मिळतं, तिथे पहिल्या आठवड्यात शिक्षकांना विचारून घ्या. बहुतेक जण हो म्हणतात, न विचारता काढलं तर मात्र खटकतं. कडेला बसा आणि लाकडी किंवा बांबूच्या सुया वापरा, स्टीलचा टकटक आवाज शांत खोलीत लांबपर्यंत जातो. पाच-सात जणांच्या चर्चेच्या तासाला नकोच.

खरा फायदा रेकॉर्डिंग दुसऱ्यांदा ऐकताना आणि स्क्रीनवर वाचताना आहे. लॅपटॉप डोळ्यांच्या उंचीवर ठेवा, साधं सुलट गोल विणा, परिच्छेद संपला की फेरी थांबवून एक ओळ टिपून घ्या. अवघड पेपर असेल तर विणकाम खाली. चार्ट बघून विणायचं काम आणि वाचन एकत्र होत नाही, दोन्हींना तेच डोळे लागतात.

मनगटाकडे आत्तापासून लक्ष द्या. दिवसभर टायपिंग आणि रात्री विणकाम म्हणजे त्याच स्नायूंना दुहेरी पाळी. दर २०-२५ मिनिटांनी सुया खाली ठेवून बोटं पूर्ण उघडा, मनगट दोन्हीकडे हलकं ताणा. प्रबंधाच्या आठवड्यांत ॲक्रिलिकसारखी न ताणणारी लोकर बारीक सुईवर घट्ट विणू नका, त्याने अंगठ्याच्या मुळाशी दुखतं. बोटांना मुंग्या आल्या किंवा रात्री हात बधिर झाला तर विणकाम थांबवा आणि तिथल्या डॉक्टरांना दाखवा. बहुतेक विद्यापीठांच्या जवळपास दवाखाना असतो, पहिल्या आठवड्यातच नाव नोंदवून ठेवा.

ओवी_नाशिक

शेवटचं विचारते. पाठ इथे स्टीलच्या सरळ सुयांवर विणली आहे, बाह्या तिकडे बांबूच्या गोल सुईवर होतील, त्याही मध्ये महिनाभर खंड पडून. वीण वेगळी दिसेल का?

सुलट_उलट

दिसू शकते. स्टीलवर टाका घसरतो, बांबूवर धरून राहतो, आणि प्रत्येक हात त्याला आपापल्या पद्धतीने सैल किंवा घट्ट होतो. खंडानंतर पहिली काही इंच वीण बहुधा घट्ट येते. म्हणून खंडानंतर पहिल्यांदा पुढच्या भागाला हात लावू नये, तो सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो. बाही नेताय हे त्यासाठीही बरं.

निघण्याआधी बांबूच्या ४ मिमी गोल सुईवर त्याच लोकरीने ३० टाक्यांचा, ४० ओळींचा चौकोन विणा. धुवा, आडवा वाळवा आणि मधल्या १० सेंमीतले टाके मोजा. कडेपासून मोजू नका, कडा नेहमी ताणलेल्या असतात. पाठीवरही तसंच मोजा. पाठीला २२ आणि चौकोनाला २३ आले तर ४.५ मिमी, म्हणजे आपली ७ नंबर वापरून बघा. २१ आले तर ३.७५, म्हणजे ९. एका टाक्याचा फरक किरकोळ वाटतो, पण ८६ टाक्यांच्या बाहीत तो दीड-दोन सेंमी होतो आणि बाही मुंढ्यात बसत नाही, चुण्या पडतात. ओळींचा फरक असला तर नंबर बदलू नका, फक्त ओळी मोजण्याऐवजी सेंमी मोजून लांबी धरा.

दोन्ही बाह्या एकाच गोल सुईवर, १०० सेंमीच्या तारेवर, दोन वेगळ्या गुंड्यांनी शेजारी शेजारी विणा. एकीची ओळ झाली की दुसरीची. दोघी कायम सारख्याच राहतात, वाढवायची ओळ दोघींना एकदाच मोजावी लागते, आणि हात कधी घट्ट कधी सैल झाला तरी फरक दोन्ही बाह्यांत सारखा पडतो. गुंडे एक डावीकडे एक उजवीकडे ठेवा, आणि प्रत्येक वेळी एकाच दिशेने पलटू नका, नाहीतर दोन्ही दोरे एकमेकांत पिळतात. ओळ संपवून थांबायचं म्हणजे दोघींची ओळ संपवून. एकीचीच झाली असताना काम खाली ठेवलंत तर पुढच्या वेळी कुठल्या बाजूने सुरू करायचं ते कळत नाही.